सीईटीचे मार्क वाढवायचे आहेत? आधी चुकलेला पेपर उघडा

बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की दोन-तीन दिवसांत आमच्या स्टाफरूमच्या दारात मुलं यायला लागतात. हातात नव्या टेस्ट सिरीजचा गठ्ठा, नाहीतर मित्राने सुचवलेलं जाडजूड पुस्तक. प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, सीईटीला एवढेच दिवस राहिले, रोज किती पेपर सोडवू?" मी बारावीला फिजिक्स शिकवते आणि माझं उत्तरही ठरलेलं आहे, "आधी मागच्या तीन टेस्टचे पेपर घेऊन ये, चुकलेल्या प्रश्नांसकट."

बहुतेकांकडे ते नसतातच. मार्क तोंडपाठ असतात, पेपर मात्र रद्दीत गेलेला असतो. आणि मार्क वाढायची सगळी सामग्री त्या रद्दीत असते. खालची पद्धत मी एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेचा पीसीएम गट (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे. पीसीबीच्या मुलांनी गणिताच्या जागी बायोलॉजी धरावं, पद्धत तीच राहते, गणिताचे आकडे मात्र त्यांना लागू नाहीत.

परीक्षा नेमकी काय मागते

एकूण 200 मार्क, 180 मिनिटं. पहिली 90 मिनिटं फिजिक्स आणि केमिस्ट्रीची: प्रत्येकी 50 प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला 1 मार्क. पुढची 90 मिनिटं गणिताची: 50 प्रश्न, प्रत्येकी 2 मार्क. पहिला भाग संपला की तिकडे परत जाता येत नाही. निगेटिव्ह मार्किंग नाही. प्रत्येक विषयात साधारण 10 प्रश्न अकरावीचे आणि 40 बारावीचे. फिजिक्स-केमिस्ट्रीचे प्रश्न मराठीतही घेता येतात, गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच असतो. कॅल्क्युलेटर चालत नाही.

आता भागाकार करा. फिजिक्स-केमिस्ट्रीत एका प्रश्नाला 54 सेकंद, गणितात 108 सेकंद. म्हणजे गणितातला एक प्रश्न वेळेनेही दोन प्रश्नांचा आणि मार्कांनेही दोन प्रश्नांचा. अर्धे मार्क एकट्या गणिताचे आहेत. "माझं गणित कच्चं आहे, मी केमिस्ट्रीवर भर देतो," असं म्हणणाऱ्या मुलांना मी हा हिशोब कागदावर करून दाखवते, कारण तोंडी सांगितलेलं पटत नाही.

पर्सेंटाइलबद्दलही थोडं. परीक्षा अनेक शिफ्टमध्ये होते आणि तुमची तुलना तुमच्याच शिफ्टमधल्या मुलांशी होते. शिफ्टला 10,000 मुलं बसली आणि त्यातल्या 9,500 जणांचे मार्क तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी असले, तर तुमचं पर्सेंटाइल 95. त्यामुळे 'आमची शिफ्ट अवघड गेली' याची धास्ती घेऊ नका. पेपर अवघड असेल तर तो तुमच्या शेजारच्यालाही अवघडच आहे. तिथे ज्याचं हातचं सुटत नाही तो पुढे जातो.

अभ्यास सुरू करण्याआधी एक पेपर

मुलं म्हणतात, सिलॅबस पूर्ण झाला की पेपर देईन. तोवर थांबू नका. आज किंवा उद्या पूर्ण तीन तासांचा एक पेपर द्या, तयारी जशी आहे तशी. मागच्या वर्षांचे पेपर शिफ्टवार छापलेले मिळतात, त्यातला एक बाजूला ठेवा. मोबाईल दुसऱ्या खोलीत, घड्याळ समोर, मध्ये उठायचं नाही. आणि एक काम न विसरता करा: प्रत्येक उत्तराशेजारी छोटी खूण. खात्री असेल तर बरोबरची, दोन पर्यायांत अडकलात तर प्रश्नचिन्ह, निव्वळ ठोकलं असेल तर फुली. ठोकून बरोबर आलेलं उत्तर तुमचं नाही, हे ही खूणच सांगते. तपासताना असे प्रश्न चुकलेल्यांतच धरायचे.

चुकांचे चार ढीग

मागे एक विद्यार्थिनी होती. रोज एसटीने तालुक्याला यायची, मेहनतीला कुठेच कमी नव्हती. सलग तीन टेस्टमध्ये तिचे मार्क शंभरच्या आसपासच अडकले होते. रडवेली होऊन आली, "मॅडम, मी अजून काय करू?" तिसरी टेस्ट घेऊन आम्ही दोघी बसलो. गणितात 26 बरोबर, फिजिक्समध्ये 24, केमिस्ट्रीत 28. एकूण 104 मार्क. म्हणजे 72 प्रश्न गेले होते. त्या 72 प्रश्नांची आम्ही चार ढिगांत वाटणी केली.

पहिला ढीग, धडाच झालेला नाही: 19 प्रश्न. दुसरा, वाचलं होतं पण ऐन वेळी आठवलं नाही: 17. तिसरा, येत होतं पण कुठेतरी हात घसरला: 23. चौथा, वेळच उरला नाही: 13.

तिसऱ्या ढिगाकडे ती बराच वेळ बघत राहिली. ते 23 प्रश्न तिला येत होते. त्यातले 9 गणिताचे, त्यांचे 18 मार्क, बाकीच्या 14 प्रश्नांचे 14. नवा धडा न उघडता 32 मार्क तिच्या आवाक्यात होते, आणि ती मात्र रोज रात्री पहिल्या ढिगातले नवे धडे उरकायला धावत होती. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं ते हेच.

प्रत्येक ढिगाचं औषध वेगळं आहे. पहिल्याला शिकणं लागतं, दुसऱ्याला आठवण्याचा सराव, तिसऱ्याला स्वतःची सवय ओळखणं आणि चौथ्याला पेपर सोडवायचा क्रम. चारही ढिगांवर 'अजून पेपर सोडव' हे एकच औषध दिलं तर पालथ्या घड्यावर पाणी.

हात घसरतो म्हणजे काय होतं, ते एका प्रश्नात बघू. कायनेटिक थिअरीतला हा नेहमीचा प्रश्न आहे: वायूचं तापमान 27 अंश सेल्सिअस आहे. रेणूंचा आरएमएस वेग दुप्पट व्हायला तापमान किती हवं? पर्याय असे: 54, 108, 927, 1200, सगळे अंश सेल्सिअसमध्ये.

आरएमएस वेग (रेणूंचा एक प्रकारचा सरासरी वेग) हा निरपेक्ष, म्हणजे केल्विनमधल्या, तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. वेग दुप्पट तर तापमान चौपट. 27 अंश म्हणजे 300 केल्विन, त्याची चौपट 1200 केल्विन, त्यातून 273 वजा केले की 927. उत्तर 927 अंश सेल्सिअस.

आता चुकीचे पर्याय बघा. 54 निवडणाऱ्याने वेग थेट तापमानाच्या प्रमाणात धरला, त्याची संकल्पनाच कच्ची आहे. 108 निवडणाऱ्याला चौपट कळलं, पण तो केल्विन विसरला. 1200 निवडणाऱ्याला सगळं येतं, फक्त शेवटी सेल्सिअसमध्ये परत यायचं राहिलं. तिघांचाही मार्क गेला, तिघांची चूक मात्र वेगळी. पेपर काढणारा पर्याय विचार करून ठेवतो, मुलं कुठे घसरतात हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून चुकलेल्या प्रश्नात बरोबर उत्तर काय होतं एवढ्यावर थांबू नका. मी जो पर्याय निवडला तो मला बरोबर का वाटला, हे शोधा. माझ्या मते सगळ्या तयारीतला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच.

आणि कृपा करून 'सिली मिस्टेक' हा शब्द सोडून द्या. तो म्हटला की मुलं पान उलटतात आणि पुढच्या टेस्टला येरे माझ्या मागल्या.

चुकांची वही

शंभर पानी साधी वही पुरे. तिन्ही विषयांना एकच. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासाठी फक्त चार गोष्टी लिहायच्या: तारीख, प्रश्न थोडक्यात, ढीग क्रमांक आणि एका ओळीत चुकीचं कारण. ती ओळ शब्दशः खरी हवी. 'लक्ष नव्हतं' असं लिहून काही हाती लागत नाही. 'केल्विनमध्ये उत्तर काढलं, विचारलं होतं सेल्सिअस' असं लिहिलं की डोळ्यांना सवय लागते. 'वजा चिन्ह कंसात घेतलं नाही', 'त्रिज्येच्या जागी व्यास धरला', 'अयोग्य विधान कोणतं विचारलं होतं, मी योग्य शोधलं' अशा ओळी दहा-बारा पानं भरल्या की एक गंमत दिसते: पन्नास चुका असतात, पण कारणं पाच-सहाच असतात. माझ्या त्या विद्यार्थिनीच्या वहीत तीन कारणं पुन्हा पुन्हा येत होती. तिने ती पेपरच्या आधी रफ कागदाच्या कोपऱ्यात लिहायला सुरुवात केली: एकक, चिन्ह, काय विचारलंय. पुढच्या दोन टेस्टमध्ये तिसरा ढीग निम्म्यावर आला.

वहीत पूर्ण उत्तर उतरवून काढू नका. सोल्यूशन सुंदर अक्षरात लिहून काढलं की अभ्यास झाल्यासारखं वाटतं, डोकं मात्र चाललेलं नसतं. उत्तर झाकून तोच प्रश्न पुन्हा सोडवायचा. दुसऱ्या दिवशी एकदा, आठवड्याने एकदा, आणि परीक्षेच्या आधी शेवटचा. तीनही वेळा विनाअडथळा सुटला तर त्यावर रेघ मारा.

हे पुन्हा आठवून काढणं एवढं का महत्त्वाचं? 2006 साली रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काही जणांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. वाचून झाल्यावर जे 'येतंय' असं वाटतं ते पाच मिनिटांपुरतं असतं. सीईटी पाच मिनिटांनी नसते.

रोजची आखणी

बोर्डानंतर साधारण महिना-दीड महिना हाताशी असतो. दिवसाचे तीन भाग करा. सकाळी डोकं ताजं असतं तेव्हा गणित, दोन ते अडीच तास. दुपारी केमिस्ट्री, संध्याकाळी फिजिक्स. झोपण्याआधी अर्धा तास फक्त चुकांची वही. एवढं मनापासून झालं तर चौदा तास टेबलाशी बसायची गरज नाही.

सरावाला बसताना एकाच धड्याचे पन्नास प्रश्न एका दमात सोडवू नका. इंटिग्रेशनचे पन्नास प्रश्न ओळीने केले की दहाव्या प्रश्नानंतर हात आपोआप चालतो. परीक्षेत मात्र प्रश्नाच्या कपाळावर धड्याचं नाव लिहिलेलं नसतं. धडा नवा असताना पंधरा-वीस प्रश्न ओळीने करा, मग त्यात जुन्या दोन धड्यांचे प्रश्न मिसळा. सुरुवातीला वेग मंदावेल, मार्क कमी येतील. येऊ द्या.

पूर्ण पेपर आठवड्याला दोन, शेवटच्या दोन आठवड्यांत तीन. त्याहून जास्त नको. पेपर तीन तासांचा असेल तर त्याचे ढीग करायलाही तेवढाच वेळ लागतो, आणि तो वेळ न देता दिलेला पेपर वाया जातो.

विषयांकडे बघताना

गणितात लहान, हमखास मार्कांचे धडे आधी पक्के करा: मॅथेमॅटिकल लॉजिक, मॅट्रायसेस, लिनिअर प्रोग्रॅमिंग, प्रॉबॅबिलिटी डिस्ट्रिब्यूशन, बायनोमिअल. मुलं हे धडे 'सोपे आहेत' म्हणून शेवटी ठेवतात आणि शेवटी वेळ उरत नाही. मग डिफरन्सिएशनपासून डिफरन्शिअल इक्वेशनपर्यंतचा सलग पट्टा. तो एकमेकांत गुंतलेला आहे, डिफरन्सिएशन ढिलं राहिलं तर पुढचे सगळे धडे डगमगतात. व्हेक्टर्स आणि लाइन अँड प्लेन एकत्र करा.

डेफिनिट इंटिग्रेशनमध्ये गुणधर्म ओळखण्याचा सराव वेगळा काढा. शून्य ते पाय भागिले दोन या मर्यादांत, वर साइनचं वर्गमूळ आणि खाली साइन व कोसाइनच्या वर्गमुळांची बेरीज असा प्रश्न आला, तर सब्स्टिट्यूशन करत बसणारा पाच मिनिटं घालवतो. एक्सच्या जागी 'पाय भागिले दोन वजा एक्स' ठेवून दोन्ही रूपांची बेरीज करणारा अर्ध्या मिनिटात पाय भागिले चार लिहून मोकळा होतो. अशा युक्त्या पाठ्यपुस्तकातल्या गुणधर्मांतूनच येतात. ट्रिकांचं वेगळं पुस्तक विकत घेऊ नका.

केमिस्ट्रीसाठी बालभारतीचं पुस्तक ओळीन्‌ओळ. ते संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतं. तक्ते, चित्रांखालच्या ओळी, चौकटीतली माहिती यांवरही प्रश्न येतात. पॉलिमर, बायोमॉलिक्यूल्स, ग्रीन केमिस्ट्री हे धडे दोन संध्याकाळींत होतात आणि मार्क देऊन जातात. सेंद्रिय अभिक्रियांचा नकाशा मात्र स्वतःच्या हाताने मोठ्या कागदावर काढा: अल्कोहोलपासून कुठे कुठे जाता येतं आणि कोणत्या अभिकारकाने.

फिजिक्समध्ये सूत्रं पाठ असूनही मुलं अडतात, कारण कोणती राशी स्थिर आहे हे ते बघत नाहीत. 'किती पट होईल' या धर्तीचे प्रश्न रोज दहा सोडवा. आकडे न टाकता गुणोत्तराने उत्तर काढायची सवय लागली की 54 सेकंद पुरतात.

अकरावीचं काय, हा प्रश्न हमखास येतो. सगळी अकरावी परत करायची नाही. सीईटीच्या अभ्यासक्रमात अकरावीचे ठरावीक धडेच असतात, त्या वर्षीची यादी सीईटी सेलच्या, म्हणजे परीक्षा घेणाऱ्या कार्यालयाच्या, संकेतस्थळावरून उतरवा आणि तेवढेच करा. दिवसाआड एक तास दिला तरी होतं.

आकडेमोडीची भीती घालवायला एक उपाय: उत्तर काढण्याआधी पर्याय बघा. पहिल्या क्रमाच्या अभिक्रियेचा अर्धायुष्यकाळ विचारलाय, 0.693 भागिले 0.0231. पर्याय 3, 30, 300 आणि 0.3 असतील तर भागाकार मांडायची गरजच नाही. 0.7 ला 0.023 ने भागलं तर तीसच्या आसपास येतं, पुढे चला. पर्याय एकमेकांजवळ असतील तरच कागदावर मांडा.

नव्वद मिनिटं कशी वापरायची

पेपर तीन फेऱ्यांत सोडवा. पहिल्या फेरीत वाचताक्षणी वाट दिसते तेच प्रश्न. गणितात वीस सेकंद बघूनही वाट दिसली नाही तर 'मार्क फॉर रिव्ह्यू' करून पुढे. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत पन्नासही प्रश्न डोळ्यांखालून गेले पाहिजेत. कित्येकदा सोपे प्रश्न चाळिसाव्या क्रमांकानंतर असतात आणि मुलं अकराव्यावरच दहा मिनिटं झुंजत बसतात. दुसऱ्या फेरीत वाट दिसते पण लांबची आहे असे प्रश्न. तिसरी फेरी उरलेल्यांची.

जेईईची (आयआयटी-एनआयटीसाठीच्या देशपातळीवरच्या परीक्षेची) तयारी करणाऱ्या मुलांना इथे हात सैल करावा लागतो. तिकडे चुकलं की मार्क कापतात, म्हणून सोडून द्यायची सवय लागलेली असते. सीईटीत एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. समजा, शेवटी गणिताचे 12 प्रश्न उरले. डोळे मिटून ठोकले तर चारात एक या हिशोबाने सरासरी 3 बरोबर, 6 मार्क. पण प्रत्येक प्रश्नात दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर सरासरी 6 बरोबर, 12 मार्क. म्हणून पर्याय बाद करण्याचा सरावही वेगळा करा: चिन्ह चुकीचं, एकक जुळत नाही, एक्सच्या जागी शून्य ठेवलं तर बसत नाही. शेवटची तीन मिनिटं कोरे प्रश्न भरण्यासाठी राखून ठेवा.

संगणकावर किमान चार-पाच पेपर द्याच. मोबाईलवर सराव करणाऱ्यांना मोठ्या स्क्रीनवरून आकडे कागदावर उतरवताना चूक होते, उणे चिन्ह स्क्रीनवरच राहतं. घरी संगणक नसेल तर कॉलेजच्या लॅबबद्दल सरांना विचारा, बहुतेक ठिकाणी सुट्टीत लॅब रिकामीच असते. विचारायला लाजू नका. रफ कागदाच्या घड्या पाडून चौकटी करा आणि प्रत्येक चौकटीत प्रश्न क्रमांक लिहा. दुसऱ्या फेरीत परत आल्यावर अर्धं गणित तयार सापडतं.

बोर्डाची परीक्षा अजून व्हायची असेल तर ती हलक्यात घेऊ नका. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला बारावीत त्या विषयगटात खुल्या वर्गाला 45 टक्के आणि राखीव वर्गाला 40 टक्के लागतातच. सीईटीत उत्तम पर्सेंटाइल येऊन इथे अडकलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या आईवडिलांचे चेहरे विसरता येत नाहीत.

शेवटचा आठवडा

नवा धडा बंद. रोज चुकांच्या वहीची पंधरा-वीस पानं, एक दिवसाआड पूर्ण पेपर, आणि तो तुमच्या शिफ्टच्याच वेळेला. सकाळची शिफ्ट असेल तर रात्री जागणं आठवडाभर आधीपासून थांबवा. शेवटचा पूर्ण पेपर परीक्षेच्या दोन दिवस आधी.

केंद्र दुसऱ्या तालुक्यात आलं असेल तर आदल्या दिवशी कुणालातरी सोबत घेऊन रस्ता बघून या. हॉल तिकिटाच्या दोन प्रती, त्यावर सांगितलेलं मूळ ओळखपत्र, साधं पेन, पाण्याची बाटली. घरच्यांनी त्या सकाळी 'किती मार्क पडतील' हा विषय काढू नये, एवढी विनंती मी दरवर्षी पालकांच्या बैठकीत करते, इथेही करते.

परीक्षेनंतर काही दिवसांनी तुमची नोंदवलेली उत्तरं आणि उत्तरसूची लॉगिनमध्ये दिसते. त्या दिवशी मन घट्ट करून बसा, चुकांची वही शेजारी घ्या आणि प्रत्येक उत्तर ताडून बघा. सूचीतलं उत्तर चुकीचं आहे अशी खात्री असेल, तर पाठ्यपुस्तकाचं पान जोडून मुदतीत हरकत नोंदवा. त्यासाठी प्रत्येक प्रश्नाला शुल्क असतं, म्हणून आधी तुमच्या विषयशिक्षकांना एकदा दाखवून घ्या. सुट्टी असली तरी फोन करा, आम्ही उचलतो.